सरकारी मोटार हिसके देई त्याची हकीकत

श्री. ज्याचें वाहन उंदीर, जो पेट्रोल मागत नाही आणि चढावर धापा टाकीत नाही, त्या गजाननास आधीं दंडवत घालून मग हें लिहिलें असे. शके १८५९, ईश्वरनाम संवत्सर, आश्विन मास. ते समयीं महाराजसाहेबांची मोटार बिघडली, ती ऐसी कीं, सपाट सडकेवर वीस मैलांची एकसारखी चाल धरिली असतां मध्येंच जोर सोडी आणि मग एकाएकीं जोर धरी, आणि महाराजांची पगडी नाकावर येई, मग मागें जाई, मग पुन्हा नाकावर येई. तेव्हां महाराज कोपले आणि मोटारखान्याचे दरोगे बाळोजी पांचाळ यांस समोर उभें करून बोलिले कीं, "दसऱ्याच्या स्वारींत पगडी हलली, तर तुम्ही गाढवावर बसोन शिवेपार जाल. गाढव निदान एका चालीनें चालतें."

बाळोजी बहुत भ्याले. त्यांची लेक येसू पहिल्या बाळंतपणास माहेरीं आली होती, आणि तिचा दादला सुभाना तीच मोटार हांकीत असे. मग बाळोजींनीं प्लग काढून घासले, आणि कार्बोरेटर उघडोन फुंकला, आणि पेट्रोलाची नळी धुतली, आणि लोखंडी कांबेचें एक टोंक इंजिनास व दुसरें कानास लावून प्रहरभर ऐकिलें, परंतु इंजिन निरोगी. मग सुभानास बसवून रिकामी मोटार फिरविली, तों तेलाची धार पडावी तैसी चालली. बाळोजी म्हणाले, "ओझ्यानें दम तुटत असेल." मग महाराजांच्या वजनाचे लाल भोपळे तोलून गादीवर मांडले, आणि भोपळ्यांची स्वारी पांच कोस जाऊन आली, परंतु एकही भोपळा जागचा हलला नाही. मग भोपळे उतरवून महाराज बसले आणि मोटार पुन्हा हिसके देऊं लागली.

तेव्हां दिवाण त्रिंबकपंत, जे दिवाणगिरीवर आल्यापासून एकदांही चुकले नव्हते, ते बोलिले कीं, "भोपळ्यांपुढें नीट चालते आणि धन्यापुढें अडखळते, हा उघड राजद्रोह आहे." मग इंजिनास बेड्या घातल्या, आणि खुळखुळाट तेवढा वाढला.

नवमीस बाळोजींनीं पदर पसरून अर्ज केला कीं, एक वेळ महाराजांचे स्वारींत मला पुढें बसूं द्यावें. आज्ञा जाहली. स्वारी निघाली, आणि मोटारीच्या पायरीवर उभा चोपदार दर फर्लांगास रिवाजाप्रमाणें ललकारी देऊं लागला. ललकारी होतांच सडकेवरील लोक वांकले, झाडाखालचा न्हावी गिऱ्हाईकासह वांकला, आणि सुभानाही चक्रावर कपाळ टेकेतोंवर वांकला, आणि वांकतांच त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि मोटारीनें जोर सोडिला. मग तो सरळ जाहला, पाय दाणकन पडला, आणि पगडी मागें गेली. भोपळ्यांस कोणी ललकारी दिली नव्हती. बाळोजींस दोष सांपडल्याचा हर्ष जाहला आणि दोष कोणाचा हें उमगतांच तो तिथेंच जिरला.

मुक्कामीं त्यांनीं सुभानास बाजूस घेतलें. "जावईबापू, ललकारी झाली की तुमचा पाय उचलतोय."

"मामा, वाकल्याबिगर कसं चालंल? मुजरा चुकला तर मान जाती."

"आणि चाकरीत पाय चुकला तर?"

"पाय जातोय," सुभाना म्हणाला आणि आपल्या पायाकडे पाहूं लागला. "तुम्ही खरं सांगून टाका, मामा. गाढवावर बसायचं वय हाय का तुमचं?"

"गप बसा. येसूला मी काय तोंड दाखवू?"

ललकारी बंद करा म्हणावें, तर म्हणणाराची जीभ जाई, ऐसा त्या राज्याचा कायदा. मग बाळोजी महाराजांपुढें गेले आणि जन्मांत पहिल्यांदा कामाविषयीं खोटें बोलिले. "महाराज, बिघाड नाही. ललकारी होतांच मोटार मुजरा करिते."

महाराजांनीं पगडी नीट केली. मग हळूच पुसते जाहले, "भोपळ्यांस केला नाही?"

"एकासही नाही, महाराज."

महाराजांचे डोळे भरोन आले. लागलीच बेड्या तोडिल्या, बॉनेटास जरीचा शेला बांधिला आणि मोटारीस 'एकनिष्ठ' हा किताब दिधला. दसऱ्यास पगडी एकवीस वेळां नाकावर आली आणि एकवीस वेळां महाराजांनीं तैसाच मुजरा घेतला. बाळोजींचें दरोगेपण राहिलें, सुभानाचे दोन्ही पाय राहिले आणि येसू सुखरूप बाळंत जाहली.

परंतु एकादशीस त्रिंबकपंतांनीं पुसलें कीं, "राज्यांतील बाकीच्या अकरा मोटारी ललकारीस वांकत नाहीत, त्या कोणाच्या चाकर?" मग हुकूम सुटला कीं, बाळोजींनीं त्यांसही मुजरा शिकवावा. त्यांनीं जन्मभर कांब कानाशीं धरून एकच सुरेल आवाज ऐकावयाची हांव धरिली होती. त्यांनीं पहिली धडधाकट मोटार उघडिली, कार्बोरेटरांत चिमूटभर रेती सोडिली, आणि तिथेंच बसोन लेकराप्रमाणें रडले. मग डोळे पुसोन दुसरी उघडिली.

सारांश, त्या राज्यांत मोटारी बारा, बाराही एकनिष्ठ, धड एकही नाही. बाळोजी आपल्या कामावर पायीं जात, आणि वाटेंत बाजारीं भोपळे मांडलेले दिसले म्हणजे घटकाभर उभे राहत. हें घडलें तैसें लिहिलें, अधिकउणें वाचणारांनीं पोटांत घालावें.