मोडका खराटा आणि चंद्री बगळी

एका जंगलात एक हत्तीआजोबा होते आणि सगळी चूक त्यांची होती. बाळांनो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपेपर्यंत मोठी माणसं ती परिस्थितीच्या गळ्यात बांधून मोकळी होतात.

आजोबा जंगल पंचायतीचे अध्यक्ष. कधीपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना खुर्चीवरून उठवायला फार जण लागले असते, म्हणून कुणी उठवत नव्हतं.

पंचायतीचा एक पाणवठा होता. तो साफ ठेवायचं कंत्राट साळिंदरकाकांकडे होतं. काकांनी तिघांना कामावर ठेवलं होतं. एक पंख मोडलेली चंद्री बगळी, एक आंधळं अस्वल आणि एक तीन पायांचं कासव. दिवसभर शेवाळ काढायचं, संध्याकाळी वाट्याचे मासे घ्यायचे. चंद्रीला उडता येत नव्हतं. ते मासे होते म्हणून ती होती.

‘अपंग’ हा शब्द आजोबांना आवडायचा नाही. त्यांनी ठराव करून तिघांना नाव दिलं, ‘दिव्यपंख’. कासवालासुद्धा.

पुढे काका थकले. कंत्राट कोल्हेसाहेबांच्या ‘चपळ सेवा’कडे जायचं ठरलं. काका आजोबांकडे आले.

“आजोबा, करारात एक ओळ घाला. कंत्राटदार बदलला तरी ही तिघं कामावर राहतील.”

“अरे, आपल्या-आपल्यात लिहून घेणं बरं दिसतं का? कोल्हा माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय.”

“म्हणूनच म्हणतो, लिहा.”

“मी शब्द देतो. झालं?”

काका गप्प बसले. थोरांना उलट बोलू नये, असं त्यांना लहानपणी शिकवलं होतं. शिकवण काकांची, पोट चंद्रीचं.

आजोबांनी करारावर सोंडेचा ठसा उमटवला. दुसऱ्याच सकाळी कोल्हेसाहेब पाणवठ्यावर हजर.

“उद्यापासून येऊ नका.”

“आजोबांनी शब्द दिलाय,” चंद्री म्हणाली.

“तुम्हाला दिलाय ना? मग तुमच्याकडेच ठेवा. हा बघ करार. बादल्या सांभाळायच्या, लिहिलंय. दोर सांभाळायचा, लिहिलंय. हा मोडका खराटासुद्धा टाकायचा नाही, सार्वजनिक मालमत्ता आहे. बगळी कुठे लिहिलीय, दाखव.”

तिघं आजोबांकडे गेली. आजोबा कोल्हेसाहेबांशी बोलायला गेले. कोल्हेसाहेबांनी वाकून नमस्कार केला, “तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाले आणि आपले तीन भाचे कामाला लावले.

आजोबा परत येऊन म्हणाले, “संस्कारी मुलगा आहे हो!”

आता तुम्हाला वाटेल, भाच्यांनी पाणवठ्याची वाट लावली आणि जंगलाला चंद्रीची किंमत कळली. नाही. पाणी पहिल्याइतकंच स्वच्छ होतं. चंद्री काही जगावेगळी कामगार नव्हती. गप्पा मारत बसायची. अस्वल दुपारी घोरायचं. पण थोर असाल तरच नोकरी, हा नियम मोडक्या पंखालाच का? भाच्यांना कुणी विचारलं होतं, तुम्ही किती थोर?

मग दिव्यपंख दिन जवळ आला. आजोबा दरवर्षी या दिवशी भाषण करत. यंदाचं तर आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. स्वतःच्याच वाक्याला दोनदा डोळे पुसले होते. ते आमंत्रण द्यायला निघाले, तर चंद्री वाळक्या गवतात नाकतोड्यांमागे धावत होती.

“चंद्रे, उद्या नीट तयार होऊन ये. शाल देणार आहे तुला.”

“शालीत मासे असतात का, आजोबा?”

“सन्मान असतो गं.”

“त्यापेक्षा काम द्या.”

“ते आता माझ्या हातात नाही.”

“आणि सोंडेत काय धरलंय?”

“नारळ.”

“तो तर आम्हाला कधीच मिळाला.”

आजोबा खदखदून हसले. त्यांना वाटलं, पोरगी विनोदी आहे.

“आम्ही पलीकडच्या जंगलात चाललोय,” चंद्री म्हणाली. “तिथे कंत्राटदार बदलला तरी कामगार बदलत नाहीत. करारातच लिहितात.”

“अध्यक्ष कोण तिथे?”

“एक खार आहे. पोरसवदाच आहे.”

“तरीच. आजच्या पोरांचा कुणावर विश्वासच नाही.”

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. प्रमुख पाहुणे कोल्हेसाहेब. पुढच्या तीन खुर्च्या मात्र रिकाम्या. तिघं उजाडतानाच पायी निघून गेली होती. पंख असलेल्याला घटकाभराची वाट. चंद्रीला तिथे पोचायला किती वेळ लागला, याची चौकशी कुणी केली नाही.

“आजोबा, भाचे बसवू का?” कोल्हेसाहेब कुजबुजले. “एकेक पाय बांधतो, काही कळत नाही.”

आजोबांनी विचार केला. हो, बाळांनो, विचार केला! आणि मान डोलावली. भाचे लंगडत निघाले. तेवढ्यात कुणीतरी लाडू वाटायला घेतले. तिघं बांधलेले पाय सोडून असे सुसाट धावले की सगळं जंगल पोट धरून हसलं. मंडप रिकामा झाला. आजोबा भोंग्यासमोर सोंड वर करून उभेच.

तात्पर्य (घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवू नये) : थोरांनी शब्द दिला की मुकाट घ्यावा. लेखी मागू नये, त्यांचं मन दुखावतं. काकांनी मागितलं, पण वेळेवर गप्प बसले, म्हणून कुणाचंच मन दुखावलं नाही. हत्तीआजोबांचं एक भाषण बुडालं.