रायपूर पाहिल्याचा दाखला

बीरगावच्या प्रेमलाबाईंनी चौतीस वर्षांत रायपूर पाहिले नव्हते, ही बाब प्रथम नोंदवणे आवश्यक आहे. बीरगाव ते रायपूर हे अंतर ऑटोने अर्ध्या तासाचे. अमरावतीहून लग्न होऊन आल्यापासून त्या तीनदा रायपूरला गेल्या होत्या: एकदा बाळंतपणाला, एकदा दाढ काढायला आणि एकदा रहिवासी दाखल्याच्या रांगेत. याला शहर पाहणे म्हणत नाहीत, असे त्यांचे मत होते आणि शेजारी या नात्याने माझाही त्याला पाठिंबा होता.

त्यांचे यजमान दिवाकरराव जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टाइमबाबू होते. फाटकावर घड्याळाखाली बसायचे आणि एक मिनिट उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापायचे. बायकोने रायपूरचा विषय काढला की म्हणायचे, "रिटायर होऊ दे." रिटायर झाले तेव्हा रायपूरच्या पलीकडे राज्याची नवी राजधानी बांधली जात होती. मग म्हणू लागले, "अर्धवट शहर काहून पाहाचं? पुरं होऊ दे." हे संभाषण मी भिंतीपलीकडून दोनशे वेळा तरी ऐकले असेल. राजधानी काही पुरी होईना आणि प्रेमलाबाईंचे गुडघे मात्र बोलायला लागले.

अशात नव्या राजधानीतल्या एका सरकारी कक्षाने 'एक दिन, पूरा रायपुर' ही योजना जाहीर केली. सकाळी आठ ते सायंकाळी सहा, नऊ स्थळे, स्थानिक भोजन आणि शेवटी शहर संपूर्ण पाहिल्याचा दाखला. पर्यटक मात्र रायपूरबाहेरचा हवा. बीरगावचे नगर निगम वेगळे असल्यामुळे हे दांपत्य परगावचे पर्यटक म्हणून मंजूर झाले.

"मले दोनच गोष्टी पायजे," प्रेमलाबाईंनी आदल्या दिवशी अंगणातूनच जाहीर केले. "बुढा तालाबच्या पायरीवर घडीभर बसाचं, अन् ब्राह्मणपाऱ्यात गरम फरा खायचा. बसून. उभ्या उभ्या नाही."

फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणी दिलेले मुटके. दर पावसाळ्यात शेजारीण त्यांना त्याचे वर्णन ऐकवायची. "टाइमटेबलात असंनच," दिवाकरराव म्हणाले. त्यांनी ते वाचले नव्हते; पण त्यांचा वेळापत्रकावर विश्वास होता.

बस बरोबर आठला सुटली. सव्वीस पर्यटक, एक बॅनर आणि रीना नावाची गाइड. पहिलेच स्थळ बुढा तालाब. तिथे उतरताच पर्यटकांनी असे काही केले ज्याची योजनेत तरतूद नव्हती. ते पाहू लागले. कोणी कठड्याला टेकले, कोणी माशांना मुरमुरे टाकले. प्रेमलाबाई तर चपला काढून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचल्या. दिवाकररावांनी घड्याळ पाहिले आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

"पोरी, चौदा मिनिटं लेट झालो," ते रीनाला म्हणाले. "हे लोकं पाहूनच राहिले! असं पाहत बसले तर नऊ जागा कशा व्हायच्या?"

रीनाच्या घरी मराठी बोलत, पण तिचे उत्तर हिंदीतच यायचे. "अंकल, मैं भी वही सोच रही थी. सर को फोन लगाती हूँ."

फोनवरच्या साहेबांनी परिस्थितीचे गांभीर्य ओळखले. इतका जबाबदार पर्यटक त्यांच्या कारकिर्दीत भेटला नव्हता. त्यांनी दिवाकररावांना जागच्या जागी पर्यटक-प्रमुख नेमले आणि ड्रायव्हरकडची शिट्टी त्यांच्या ताब्यात द्यायला सांगितले. शिट्टी वाजली. प्रेमलाबाई चपला हातात घेऊन बसमध्ये आल्या.

यापुढे कारभार सुधारला. दर स्थळाला बारा मिनिटे होती. त्यात बॅनरसह सामूहिक फोटोला पाच, स्थळाच्या पाटीसह वैयक्तिक फोटोला चार आणि अभिप्राय अर्जाला चार. पाहण्यासाठी उणे एक मिनिट उरत होते. दिवाकररावांनी तोडगा काढला की अभिप्राय बसमध्येच, पोचण्यापूर्वी भरून घ्यावा.

"पाह्यल्याशिवाय कसं लिहू, आवडलं का नाही ते?" प्रेमलाबाईंनी विचारले.

"पाच तारे देऊन टाक. पाहून कोण कमी देते?"

ही सूचना इतकी व्यवहार्य निघाली की तिसऱ्या स्थळापूर्वी नऊही स्थळांचे अभिप्राय भरून झाले. सर्वांना सर्व काही अतिशय आवडले होते. आवडून झालेल्या ठिकाणी पुन्हा उतरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मग आपोआपच उभा राहिला. चौथ्या स्थळी बस हळू केली आणि पाटीचा फोटो खिडकीतून घेतला. पाचव्या स्थळी हळू करण्याचीही गरज पडली नाही.

नव्या राजधानीत मात्र बस चांगली तीन मिनिटे थांबली. सहा पदरी रस्ता, नजर जाईल तिकडे माणूस नाही, आणि सिग्नल लाल. कोणासाठी लाल होता ते कळले नाही, पण दिवाकररावांचे डोळे भरून आले. त्यांनी सर्वांना उतरवून सिग्नलसमोर बॅनर धरायला लावले. दिवसभरातला सगळ्यात स्पष्ट फोटो तोच आला.

स्थानिक भोजन एका हॉटेलात होते. टेबलावर काचेच्या पेटीत चिला, ठेठरी, खुरमी आणि फरा हे इथले पदार्थ मांडलेले होते.

"ये नमूने हैं, आंटी. फोटो के लिए," रीनाने समजावले. "खाना उधर है." उधर पनीरची भाजी आणि नूडल्स होत्या. प्रेमलाबाई काचेसमोर उभ्या राहिल्या. आतला फरा सकाळचा असावा, कडेने सुकला होता. त्यांनी ताटात नूडल्स घेतल्या आणि एका बाजूला सारून ठेवल्या.

चार वाजता बस ब्राह्मणपाऱ्याच्या तोंडाशी आली. हे आठवे स्थळ, चालत्या गाडीतून. पण पुढे दोन स्कूटी आणि एक गाय यांच्यात वाद झाला आणि बस थांबली. खिडकीतून राई-तिळाच्या फोडणीचा वास आत आला. प्रेमलाबाई उठल्या, दाराशी गेल्या आणि कोणाची परवानगी न घेता खाली उतरल्या.

एका देवळाला लागून फऱ्याचा ठेला होता. पाटी नव्हती, म्हणून यादीत नव्हता. कढईमागे कमला नावाची बाई बसली होती.

"गरम आहे का?"

"हव दीदी, अभीच उतरे हे. आवव, बइठव."

प्रेमलाबाई बाकावर बसल्या. मांडी घालून.

गाय निघून गेली. दिवाकररावांनी दारातून शिट्टी वाजवली. मग दुसरी. मग हाक मारली, "अवं, टाइमटेबलात इथून चार दहाला सुटाचं आहे! दाखला मिळणार नाही तुले!"

"चौतीस साल मी तुमच्यासाठी थांबली," प्रेमलाबाई पानातल्या फऱ्यावरून नजर न उचलता म्हणाल्या. "तुम्ही दहा मिनिटं थांबा. नाही तर या खाली. दोघांपुरतं आहे."

बसमधले पंचवीस जण आता पाहत होते. सकाळनंतर पहिल्यांदाच ते काही पाहत होते. रीना हळूच म्हणाली, "अंकल, आप भी उतर जाइए ना. मैं सर को बोल दूँगी, गाय थी." दिवाकररावांचा एक पाय पायरीवर आला. ते बायकोकडे पाहत राहिले; तिच्या हातातल्या फऱ्याची वाफ बसपर्यंत दिसत होती. मग त्यांनी घड्याळ पाहिले. चार दहा झाले होते.

त्यांनी पाय वर घेतला, प्रेमलाबाईंच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहिले आणि शिट्टी दिली. बस वेळेवर सुटली. मला हे रीनानेच नंतर सांगितले. सांगताना ती रडवेली झाली होती आणि ऐकताना मलाही दिवाकररावांचा राग आला.

प्रेमलाबाई दुसरे पान संपवून रस्ता विचारत विचारत पुन्हा तलावावर गेल्या. ऊन उतरेपर्यंत पायरीवर बसल्या. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईशी गप्पा मारल्या, तिच्या सुनेची सगळी हकिगत समजून घेतली आणि शेअर ऑटोने घरी आल्या. दिवाकरराव बसने आले. त्यांच्या हातात लॅमिनेट केलेला दाखला होता. प्रेमलाबाईंनी शासकीयदृष्ट्या रायपूर पाहिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारीपाजारी त्यांच्याकडे जमलो. दिवाकररावांनी एकसष्ट फोटो दाखवले. नऊ पाट्या, एक सिग्नल, बाकी बॅनर. "वा! क्या बात है!" आम्ही म्हणत होतो. मध्येच प्रेमलाबाई सांगू लागल्या, "तिथं एक बाई कपडे धूत होती, तर तिची सून..."

"फोटो आहे का, वहिनी?" कोणीतरी विचारले.

"फोटो नाही."

"अरेरे. तुमचं रायपूर राहूनच गेलं म्हणा," तो हळहळला आणि आम्ही सगळे पुन्हा दिवाकररावांच्या फोनवर वाकलो. प्रेमलाबाई चहा टाकायला आत गेल्या. त्या सुनेचे पुढे काय झाले, हे आम्हांपैकी कोणी विचारले नाही.

संध्याकाळी ते एकसष्ट फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर आले. मी एकही न उघडता खाली अंगठा दिला. माझ्या आधी तेवीस अंगठे पडले होते. नावे वरवर चाळली, तर त्यात तुमचेही होते.