भागूबाईंचे निरोप

गोदावरीच्या पुलाच्या तोंडाशी भागूबाईंनी एकदा एका गोऱ्या साहेबाची मोटार अडवली. अडवायला त्यांच्याजवळ एक काळी छत्री होती, तिच्याही दोन काड्या मोडलेल्या. छत्री आडवी धरून त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून बावीस मुली एकमेकींचे परकर धरून ओळीने पलीकडे गेल्या. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. भागूबाई म्हणाल्या, "वाजव. आमची मागली पोरगी लहान हाय, तिला गंमत वाटंल." त्याने पुन्हा वाजवला नाही. शेवटची मुलगी पलीकडे गेल्यावर भागूबाईंनी साहेबाला रीतसर नमस्कार केला आणि वर्गावर येऊन मला सांगितलं, "बाई, साहेबानं निरोप दिलाय. म्हणला, शाळा लय शिस्तीची हाय."

साहेबाला मराठी येत होतं की नाही, देव जाणे.

ही चौतीस-पस्तीस सालच्या आसपासची गोष्ट. नाशकातल्या काही मंडळींच्या मनात आलं की मुलींना शाळा सुटल्यावर दोन तास आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर शिवण, वाचन, गाणी आणि लेझीम शिकवावी. पंचवटीतल्या एका धर्मशाळेची ओवरी आणि पुढचं अंगण त्यासाठी मिळालं. शिकवायला मला बोलावलं. मी वीस वर्षांची, नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेली, माहेर वाईचं. नाशकात माझ्या ओळखीची एक लांबची मावशी, आणि तिलाही मी तशी नकोच होते.

बहुतेक मुली नदीपलीकडच्या, गावातल्या. मुलगी एकटी रस्त्याने जाणार नाही, ही त्यांच्या आयांची अट. म्हणून भागूबाई. घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या, पूल ओलांडून वर्गावर आणायच्या आणि संध्याकाळी जिच्या तिच्या घरी पोचवायच्या, हे त्यांचं काम. मंडळाचे चिटणीस अण्णासाहेब त्यांना 'शिपाईबाई' म्हणत. भागूबाई स्वतःला 'आम्ही शाळेतले' म्हणत.

वय पन्नाशीचं. अंगाने काटकुळ्या, लुगडं गुडघ्याच्या जरा खालीपर्यंतच, आणि आवाज असा की दहीपुलावर हाक मारली तर रविवार कारंज्यावरचा टांगेवाला मागे वळून बघे. टांगेवाल्यांशी त्यांचं पिढीजात वैर असावं असं वाटे. कारण विचारलं तर म्हणत, "घोडं बिचारं बघून चालतं. वरचा बघत नाय."

एखाद्या घरी "आज नाही येणार ती" असं उत्तर मिळालं तर भागूबाई वाद घालत नसत. ओट्यावर बसत. बसल्या बसल्या घरातलं सूप ओढून तांदूळ निवडायला घेत, नाहीतर लसूण सोलायला. घरच्या बाईला नको म्हणता येत नसे, आणि कामाला हातभार लागलेला तर दिसत असे. तांदूळ निवडून होईपर्यंत मुलीची वेणी झालेली असे. एका घरी तर त्यांच्या येण्याची वेळ बघून आदल्या दिवसापासून धान्य बाजूला काढून ठेवू लागले होते, असं मी ऐकलं.

लेझमीच्या ओळीत एखादी मुलगी कमी असली की त्या जागेवर भागूबाई उभ्या राहत. हातात लेझमीच्या जागी छत्री. पावलं मात्र अचूक. मुली हसत, मी हसू दाबत असे. त्या गंभीरपणे म्हणत, "जागा रिकामी ठेवू नाय. वळ तुटती."

पण या बाईंचं खरं व्यसन म्हणजे निरोप. त्या कधी रिकाम्या तोंडाने आल्या नाहीत. घराघरातून वर्गावर निरोप आणायच्या, वर्गावरून घरोघर न्यायच्या.

माझा पहिला महिना फार वाईट गेला. मुली ऐकत नव्हत्या. मी गाणं सुरू केलं की मागच्या ओळीत दुसरंच गाणं सुरू होई. एके दिवशी मी ओवरीच्या खांबामागे जाऊन रडले आणि घरी गेल्यावर वडिलांना पत्र लिहिलं, की मला न्यायला या. पत्र टाकायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भागूबाई मुलींना घेऊन आल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, "दहीपुलाच्या वकिलीणबाईंचा निरोप हाय. म्हणल्या, नवीन बाई आवाज चढवत नायत, तरी आमच्या पोरीला वळण लागाया लागलं." चार दिवसांनी सराफांच्या काकूंचा निरोप आला, की मुलगी घरी येऊन बाईंचं गाणं म्हणते. मग आणखी एक, मग आणखी एक. वडिलांना लिहिलेलं पत्र मी फाडून टाकलं. ज्या गावात इतक्या बायका आपल्याबद्दल चांगलं बोलतात ते गाव सोडायचं कशाला, असं मला वाटलं.

माझे निरोपही घरोघर जात होते, हे मला फार उशिरा कळलं. सोनी नावाच्या मुलीचा टाका म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखा. तिची आई एकदा भेटली तर डोळे भरून म्हणाली, "तुम्ही सांगून पाठवलंत, साऱ्या नाशकात असा टाका नाही. फार बरं वाटलं हो." मी नुसती मान डोलावली. आणि गंमत अशी, की महिनाभराने सोनीचा टाका खरोखरच बरा पडू लागला.

अण्णासाहेबही यातून सुटले नाहीत. त्यांना एकदा निरोप गेला, की भर उन्हात मुलींना वाळ्याचं गार पाणी मिळतं म्हणून आया त्यांना दुवा देतात. अण्णासाहेबांनी असलं काही दिलेलं नव्हतं. ते दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी दोन माठ आणि वाळ्याची जुडी आली.

चैत्रात वकिलीणबाईंकडे हळदीकुंकवाला गेले. कैरीची डाळ हातात घेऊन मी त्यांना म्हटलं, "तुम्ही सुरुवातीला तो निरोप पाठवलात म्हणून मी नाशकात टिकले."

"कसला निरोप?" त्या म्हणाल्या.

मी सांगितला. त्या गोंधळल्या. "अहो, ती बाई येते, ओट्यावर बसते, मुलीला घेऊन जाते. मी तिच्याशी चार शब्दसुद्धा कधी बोलले नाही."

सराफांच्या काकू शेजारीच होत्या. त्यांनीही मान हलवली. त्या दुपारी मला पन्हं गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भागूबाईंना गाठलं. "तुम्ही इतके महिने माझ्याशी खोटं बोललात."

त्या जराही ओशाळल्या नाहीत. "खोटं कुठं, बाई? मला वाटलं तसंच बोलले. मी दाराआडून बघत होते ना तुम्हाला."

"मग तुम्हाला वाटतं असं सांगायचं."

"शिपाईबाईला वाटतं म्हणून कोण गावात राहतं व्हय?" त्या म्हणाल्या. "वकिलीणबाई म्हणल्या की माणूस राहतं."

मी रागाने दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. राग त्यांच्यावर होता की त्या म्हणाल्या ते खरं होतं यावर, ते मला तेव्हा उमगलं नाही.

मग वैशाखात कमळचं प्रकरण झालं. कमळ बारा वर्षांची, तांबट आळीतल्या दामूदादा तांबटांची मुलगी. बोलायची कमी, पण लेझमीत तिच्यासारखी कुणी नव्हती. ओळीचं पहिलं स्थान तिचं. दामूदादांना मात्र भागूबाईंनी निरोप दिला होता, की वर्गात फक्त शिवण आणि स्तोत्रं शिकवतात. एके दिवशी दामूदादा पंचवटीतल्या दुकानात हंडे पोचवायला आले आणि धर्मशाळेच्या दारावरून जाताना आत पाहिलं. परकर खोचून त्यांची मुलगी ओळ नाचवत होती. ते आत आले, मुलीचा हात धरला आणि तिला घेऊन गेले.

चार दिवस कमळ आली नाही. भागूबाई ओट्यावर बसून आल्या, पण त्या घरी सूप पुढे आलं नाही. अण्णासाहेब म्हणाले, "एका मुलीसाठी ताणू नका. चारचौघांत बोभाटा झाला तर वर्गच बंद पडेल." त्यांचं चुकत होतं असंही नाही. मंडळातले निम्मे लोक तशाच निमित्ताची वाट बघत होते.

रविवारी सकाळी भागूबाई माझ्या मावशीच्या दारात उभ्या. "बाई, तांबट आळीत चला माझ्यासंगं. काय बोलू नका. नुसत्या उभ्या रहा."

आळीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी ठोक्यांचा गजर. दामूदादा ओसरीवर हंडा ठोकत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"या भागूबाई. आज कुणाचा निरोप आणलात?" ते म्हणाले. "मागे म्हणालात अण्णासाहेबांचा निरोप, शिवण शिकवतो. मग म्हणालात बाईंचा निरोप, स्तोत्र पाठ झालं. आज कुणाचा?"

भागूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता माझ्या तोंडी काहीतरी घालणार, असं वाटून मी मनाची तयारी केली. दामूदादांनी आणखी आठ-दहा ठोके घातले.

"आज कुणाचाच नाय," त्या म्हणाल्या. "माझंच म्हणणं हाय."

"तुमचं?"

"लेझमीचं मी लपवलं. ते माझं चुकलं. बाईंना त्यातलं ठाऊक नव्हतं, पोरीला बी नव्हतं. पण दादा, तुम्ही तिला एकदा बघितली, ती बी दारातनं. मी रोज म्होरून बघती. हातात लेझीम आली की पोरगी हसती. घरी हसती का, ते मला ठाऊक नाय. एवढंच म्हणणं. पटलं तर बघा."

दामूदादांनी हातोडा खाली ठेवला. आतल्या दाराआडून कमळच्या आईचा आवाज आला. "घरी नाही हसत. चार दिवस धड जेवलीही नाही."

"लोक काय म्हणतील, ते तुम्हाला काय," दामूदादा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"लोकांचे निरोप मी आणत नाय," भागूबाई म्हणाल्या.

दामूदादा हसू येऊ नये म्हणून हंड्यात डोकावले. मग म्हणाले, "पुढच्या साली तिच्यासाठी स्थळं बघायची आहेत. तोवर येऊ दे. पण भिंतीच्या आत. रस्त्यावर नाचवायची नाही."

"नाय नाचवणार," भागूबाई म्हणाल्या. मला वाटलं, आता त्या विजयाने चालतील. पण परत येताना त्यांनी एका टांग्याला वाट करून दिली, आणि नदीवर येऊन घाटाच्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले.

"माझी ठकी घोटीला हाय," त्या म्हणाल्या. त्यांना मुलगी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. "नऊ वर्साची व्हती. तिचा बाप म्हणला द्यायची, दिली. मला वाटत व्हतं, एवढ्यात नको. बोलले नाय."

"आता कशी आहे?"

"चांगली हाय. भाताची जमीन हाय, दोन पोरं हायती. तिचा बाप गेला, मी हिकडं आले. एकदा बारशाला गेले, सांजच्या गाडीनं माघारी. तिच्या म्होरं बसलं की वाटतं, ही इचारंल."

"काय?"

"का बोलली नाय ते."

नदीत पोरं डुंबत होती. भागूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही घोटीला जाऊन या," मी म्हटलं. "मुली मी आणीन."

"तुम्हाला जमायचं नाय."

"दोन दिवस जमेल."

ते काही जमलं नाही. भागूबाई नाशिक रोडहून सकाळच्या गाडीने गेल्या आणि मी घरोघर निघाले. मला कुणी तांदूळ निवडायला दिले नाहीत. मी वर्गाची बाई, म्हणून मला आत बसवून चहा दिला, आणि तिसऱ्या चहाला वर्गाची वेळ टळून गेली. पहिल्या दिवशी मी सतरा मुली आणल्या, त्यातल्या दोन रडत. दुसऱ्या दिवशीपासून कमळ सर्वांत पुढे चालू लागली. कुठल्या दारी किती थांबायचं हे तिला पाठ होतं.

दोन दिवस म्हणून गेलेल्या भागूबाई सहाव्या दिवशी दुपारी आल्या. पोह्यांचं गाठोडं माझ्यापुढे ठेवलं आणि ओवरीच्या पायरीवर बसल्या. आत मुलींचं गाणं चाललं होतं.

"विचारलं का तिनं?" मी हळूच म्हटलं.

"नाय. मीच सांगितलं. तांदूळ पाखडत व्हती. म्हणली, 'आई, मला तवाच ठाऊक व्हतं.' आन पाखडत राहिली. दुसऱ्या दिशी कोकमाचं तेल तापवून बसली माझ्या पायाशी. टाचा भरल्या. चार दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाय. म्हणली, 'आई, एवढ्या भेगा पडल्यात, रगत येतंय. तुझ्या बाईंनी कधी बघितलं नाय का गं?'"

त्यांनी पाय पुढे केले. सहा-सात महिने रोज संध्याकाळी मी त्याच पावलांच्या मागून पूल ओलांडून घरी जात होते.

भागूबाई आपल्या टाचांकडे पाहत होत्या, नव्या वस्तूकडे पाहावं तशा. आत मुली गाण्यात चुकल्या, हसल्या, पुन्हा सुरू झाल्या. त्या उठल्या नाहीत. मीही त्यांच्याजवळच बसून राहिले.