राखीव मोतीबिंदू

नेब्रास्कातल्या आमच्या गावात डॉक्टर लोवेल हाउगेन यांनी डोळ्यांचं केंद्र उघडलं. सकाळी शस्त्रक्रिया, दुपारी घरी. सर्व सज्ज होतं, फक्त सरकारी प्रमाणपत्र नव्हतं. नियम सरळ होता. निरीक्षकाने खरी शस्त्रक्रिया पाहिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्राशिवाय विम्याचे पैसे नाहीत. तेव्हा फुकटात कापायला एक डोळा हवा होता.

तो व्हर्नाबाईंनी देऊ केला. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईंना ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेसाठी गोधडी शिवायची होती, आणि मोतीबिंदूमुळे सुईचं नेढं दिसत नव्हतं.

निरीक्षक न कळवता येतात. म्हणून बाई रोज उपाशीपोटी येऊन खाटेवर पडत आणि दुपारी घरी जात.

"लोवेल, काढून टाक ना बाबा एकदाचा."

"काढला तर निरीक्षकांना दाखवू काय? जपा त्याला. केंद्राची तेवढीच पुंजी आहे."

"शाळेत असताना तुला बसमध्ये घेतलं, तिथंच चुकलं माझं."

जुलैत निरीक्षक प्रेस्कॉट अवतरले. दारांची रुंदी, परिचारिकांची नखं, सगळं उत्तम. मग ते खाटेपाशी आले.

"बाई, दाखल कधी झालात?"

"मे महिन्यात."

"आणि सोडलं कधी?"

"सोडतायत कुठं? माझा मोतीबिंदू अडकवून ठेवलाय."

प्रेस्कॉट गंभीर झाले. "डॉक्टर, रुग्णाला त्याच दिवशी सोडत नाही ते रुग्णालय. तुमचा अर्ज केंद्राचा आहे."

"अहो, मी रोज घरी जाते. मांजराला खायला कोण घालणार?"

"जाता, पण कागदोपत्री तुम्हाला सोडलेलं नाही."

"आत्ता रीतसर सोडतो, लगेच पुन्हा दाखल करतो," डॉक्टर म्हणाले.

रुग्णाने काही खाल्ल्याशिवाय त्याला सोडता येत नाही, हाही नियमच. परिचारिकेने सफरचंदाचा रस आणि बिस्किटं आणली. मे महिन्यापासूनच्या न्याहाऱ्या वसूल करायच्या असल्यागत बाईंनी पुन्हा मागून घेतली. सोडण्याची कार्यवाही निर्दोष झाल्याचा शेरा निरीक्षकांनी दिला. पुन्हा दाखल करताना पहिला प्रश्न आला, "काही खाल्लंय का?"

भरल्या पोटी शस्त्रक्रिया निषिद्ध.

"पुढच्या भेटीत पाहीन," टोपी उचलत प्रेस्कॉट म्हणाले.

"ती कधी?"

"ते आधी सांगायचं नसतं."

बाईंनी चाचपडत शिवलेली गोधडी तशीच जत्रेत गेली. नक्षीतल्या चांदण्या एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. एका कोपऱ्यात बाईंच्या झग्याची बाहीही शिवली गेली होती. पहिल्या क्रमांकाची निळी फीत तिलाच मिळाली. तिन्ही परीक्षक हाउगेन यांच्या केंद्राच्या प्रतीक्षायादीत होते.

फीत पाहून सर्वांनी माना डोलावल्या. टाके पाहायला कुणी वाकलं नाही. मीही नाही. हसताय काय? मागच्या खेपेला दवाखान्यात भिंतीवरचं चौकटीतलं प्रमाणपत्र पाहूनच सुईसाठी बाही वर केलीत ना?