रिकाम्या भांड्याचा सीमाप्रश्न

त्या शनिवारी पेट्रोल भरायला भूतानात जाताना टंकेश्वर कलितांनी सोबत डबा नेला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माणसाला कधी कधी चांगुलपणाची उबळ येते आणि तिच्यावर औषध नाही.

आसामच्या टोकाला असलेल्या दरंगातला शहाणा माणूस स्कूटरची टाकी सीमेच्या फाटकापलीकडे, भूतानातल्या सामद्रुप जोंखारला भरतो. तिथे पेट्रोल स्वस्त पडतं. कलिता या बाबतीत फारच शहाणे. तिथे आउम पेल्देन या बाईंचं किराणा दुकान होतं आणि टाकी भरल्यावर तिथे चहा प्यायचा हा कलितांचा जुना परिपाठ. (आउम चहाचे पैसे घेत नसत, हाही परिपाठाचाच भाग.) माघ बिहू नुकताच झाला होता, घरात तिळपिठा, म्हणजे तिळगूळ भरलेल्या तांदळाच्या सुरळ्या, आणि नारळाचे लाडू पडून होते. इतका फुकटचा चहा प्यायलो, चार लाडू तरी न्यावेत, असं कलितांना वाटलं आणि त्यांनी बायकोचा स्टीलचा डबा डिकीत टाकला.

पुढच्या शनिवारी डबा परत मिळाला, तो सुक्या लाल मिरच्यांनी गच्च भरून. शिवाय डब्यात न मावलेलं चीज, बांबूच्या एका रंगीत करंडीत.

"अगंबाई, किती सुरेख करंडी!" रुनुमी, म्हणजे कलितांची बायको, म्हणाली. "ही परत द्यायला हवी."

"देतो की शनिवारी."

"रिकामी?"

हा प्रश्न तिने अशा सुरात विचारला, की आपण धोतर न नेसता ऑफिसला निघालो होतो की काय, असं कलितांना वाटलं.

सीमेच्या दोन्ही बाजूंना भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, यावर दोन्ही देशांचं कुठल्याही कराराविना एकमत होतं. रुनुमीने करंडीत काजी लिंबं भरली. एवढीशी करंडी बरी दिसेना, म्हणून सोबत पिशवीभर जोहा तांदूळ दिला. पिशवी परत आली लाल तांदूळ घेऊन, सोबत खोकाभर बटाटे. खोका गेला सुपारी भरून, आणि वर एक पोतं. आता पोतं आउमच्या घरी अडकलं होतं. दर खेपेला कुणाचं तरी भांडं कुणाकडे तरी उरायचंच, आणि ते आधीच्या भांड्यापेक्षा मोठं असायचं.

मार्च संपता संपता कलितांच्या झाडांवर सुपारी उरली नाही, तळ्यात धड मासा उरला नाही आणि भाताची कोठी तळाला गेली. बोहाग बिहू तोंडावर आला होता. पाहुण्यांच्या पुढ्यात काय ठेवायचं, या विचाराने कलितांची झोप उडाली. (घरात मिरच्या भरपूर होत्या. पण सासऱ्यांच्या ताटात नुसत्या मिरच्या वाढायला जे धैर्य लागतं ते त्यांच्यात नव्हतं.)

"आपणच थांबूया का?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"थांबा ना! आसामची माणसं आधी दमली, असं होऊ दे भूतानभर. आणि तुम्ही नोकरी कुठे करता, ते आठवतंय ना?"

तीच तर पंचाईत होती. कलिता 'सीमा व्यापार व पर्यटन स्नेहवर्धन कक्ष' या ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांनी साहेबांच्या कानावर गोष्ट घातली, ते यातून सुटका होईल म्हणून. पण बरुआसाहेब आनंदाने खुर्चीतून उठलेच.

"कलिता, थांबवाल तर खबरदार! आपल्या कक्षात खरोखर वाढत असलेला हा एकमेव व्यापार आहे."

"पण साहेब, माझं घर..."

"घराचं काय घेऊन बसलात? पर्यटनही करून टाकू!"

आणि पुढच्याच आठवड्यात साहेब बसभर पर्यटक घेऊन कलितांच्या अंगणात हजर झाले, 'जिवंत सीमा विनिमय' दाखवायला. पर्यटकांनी पोत्यांबरोबर फोटो काढले आणि आउमसाठी केलेला सगळा पिठा खाऊन टाकला.

शेवटी कलितांनी डोकं लढवलं. भांडं आहे म्हणून भानगड आहे, तर बिनभांड्याची भेट द्यावी! आउमचं घरात राहिलेलं पोतं कसंबसं भरून त्यांनी परत केलं आणि त्याबरोबर नेलं बदकांचं जोडपं, दोन्ही काखांत एकेक, उघडंबोडकं. फाटकावरचा शिपाई हसला, आउमही हसल्या. त्या दिवशी पलीकडून काहीच आलं नाही. कलिता बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

सकाळी अंगणात एक घोडं उभं होतं. शेजारी बटाट्यांची रास. घेऊन आलेला माणूस लगाम कुंपणाला बांधून, रिकामी पोती खांद्यावर टाकून केव्हाच निघून गेला होता.

"अहो, हे बटाटे भेट, हे कळलं," रुनुमी म्हणाली. "पण घोडं काय आहे? भेट की भांडं?"

"म्हणजे?"

"भेट असेल तर ठेवून घ्यायचं. भांडं असेल तर परत पाठवायचं, भरून."

"आउमना विचारतो."

"काय विचारणार? भेट असली तर ती म्हणेल, एवढं दिलं तरी यांना कळलं नाही. भांडं असलं तर म्हणेल, यांचा डोळा माझ्या घोड्यावर!"

दुपारपर्यंत घोड्याने परसातली भाजी खाल्ली आणि ते भांडंच असल्याचा निर्णय झाला. पण भरायचं काय? रुनुमीने कोठी पाहिली, तळं पाहिलं, फडताळ पाहिलं. आउमच्याच मिरच्या-बटाट्यांखेरीज सगळीकडे खडखडाट. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"बसा," ती म्हणाली.

"कुठे?"

"घोड्यावर. रिकामं गेलेलं मला चालणार नाही."

दरंगाच्या भर बाजारातून टंकेश्वर कलिता घोड्यावरून भूतानात गेले. (वाटेत बरुआसाहेबांनी फोटो घेतला.) आउम आणि त्यांचे यजमान आप उग्येन दुकानाच्या पायरीवर आले. दोघांनी घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी पाहिलं. माणसाखेरीज काही नव्हतं.

"हे आपल्याला दिलंय?" आप उग्येननी बायकोला हळूच विचारलं.

आउमनी कलितांना खालून वर न्याहाळलं. "छे, असं कोण कुणाला देईल? हे भांडं आहे. परत करावं लागेल."

आणि भांडं रिकामं परत करायचं नसतं. त्यांनी कलितांना चुलीपाशी बसवलं आणि भरायला सुरुवात केली. मिरच्या-चीजचा रस्सा, लाल भात, पुन्हा रस्सा, वरून लोण्याचा खारट चहा. "पुरे" म्हटलं की आउम म्हणत, "तुमच्या घरी काय वाटेल? अर्धंच भरून पाठवलं?" कलितांचे डोळे, नाक, कान, सगळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा आप उग्येननी त्यांचं पोट दाबून पाहिलं आणि मान डोलावली.

कलिता पायीच घरी आले, दर चार पावलांना थांबत. पण मनातून ते खूश होते. हातात काही नाही, खांद्यावर काही नाही. घोडं तिकडे, आपण इकडे. कुणाचं काही कुणाकडे उरलं नव्हतं. आसामची अब्रू राखून बिहू वाचवला होता.

दारात रुनुमी उभी होती. त्यांनी धापा टाकत सगळी हकिगत सांगितली.

"म्हणजे तुम्हाला भांडं समजून परत पाठवलं?" तिने विचारलं.

"हो!" कलिता अभिमानाने म्हणाले.

रुनुमीने सुस्कारा सोडला.

"अहो, निदान एकदा तरी आग्रह करायचात, राहू दे, ठेवून घ्या म्हणून!"