तिसऱ्या गिअरचा भोंगा

इंजिनातलं मला जेवढं कळतं तेवढं आख्ख्या वडगाव निंबाळकरात कुणाला कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोक हसतात. हसू देत. हेच लोक आज माझ्या गाडीवर घड्याळ लावतात.

माझी पिकअप चौदा वर्षांची. रोज सकाळी साडेसहाला घरातनं निघायचं, सरळ टोकाच्या वस्तीवर जायचं, तिथनं एकेका वस्तीवरचे दुधाचे कॅन उचलत माघारी यायचं, कॅनॉलच्या पुलाचा चढ चढायचा आणि साडेआठच्या आत जळोचीच्या केंद्रावर दूध उतरवायचं. साडेआठला तिथला टँकर निघतो. आमच्या गावच्या डेअरीचं हे काम नऊ वर्षं माझ्याकडं. पण त्या महिन्यात दोनदा मी पोचलो तेव्हा टँकर निघून गेला होता. दोन्ही वेळा सगळं दूध गावात परत आणलं. लोकांनी त्याचा खवा केला, खाऊन खाऊन कंटाळले आणि मला शिव्या घातल्या.

डेअरीचे चेअरमन जोतीराम आबा मोजकं बोलतात. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"युवराज, आनी एकदा दूध माघारी आलं, तर काम दादासाहेबाला."

दादासाहेब बाहेरच उभा होता. त्याची पिकअप नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. माझ्याकडं बघून तो उगाचच टायरवर लाथ मारून हवा तपासत होता. मला झोप लागेना. नऊ वर्षांत त्या गाडीशिवाय मी दुसरं काही केलेलं नाही आणि मला दुसरं काही येतही नाही.

दोष कशात, ते मला लगेच कळलं. चढात. चढाला माझी गाडी धापा टाकते. धापा टाकते म्हणजे हवा कमी पडते. मग हवा वाढवा, ताकद वाढेल. इतकं सोपं आहे, पण डोकं लागतं.

लोणी देवकरला सासुरवाडी. तिथल्या कारखान्यातल्या एका फिटरनं जीपला बाहेरचा एअर फिल्टर बसवलेला मी बघितला होता. लालभडक, निमुळता. इंदापूरला जाऊन तसाच घेतला. दुकानदार म्हणाला, "वीस टक्के ताकद वाढती."

"मला पंचवीस पायजे."

"मग पंचवीस वाढंल," तो म्हणाला. माणूस जाणकार होता.

जळोचीत युनूसभाईंचं गॅरेज. त्यांनी फिल्टर उलटासुलटा करून बघितला. "युवराजदादा, तुमचा जुना फिल्टर निस्ता झटकला तरी गाडी सुधरंल. त्यात उसाचं पाचट हाय, वाटीभर माती हाय."

"युनूसभाई, तुमी बसवा."

"बरं. पन ह्यो इंजिनाच्या गरम हवेत बसनार."

त्याचाही विचार मी केलेला होता. शेतातल्या पाइपलाइनचा अडीच इंची तुकडा घरी पडून होता. तो फिल्टरला जोडला, बोनेटच्या बाजूनं भोक पाडून बाहेर काढला, केबिनला चिकटून टपाच्या वर हातभर नेला आणि तोंडाला बेंड लावला. वरची हवा थंड असते, हे कुणीही सांगेल.

"आवाज करंल," युनूसभाई म्हणाले.

"करू द्या. ताकदीला आवाज असतोच."

दुसऱ्या दिवशी माझी बायको संस्कृती शेजारी येऊन बसली. "अहो, एवढं काय बसवलंय ते बघू तरी," म्हणाली. डिसेंबर महिना, कॅनॉलकडेला धुकं इतकं की आपला हात आपल्याला परका वाटावा. पहिला टाकला, दुसरा टाकला. तिसरा गिअर टाकला आणि टपावरून आवाज निघाला.

भूंऽऽऽऽ.

माझ्या अंगावर काटा आला. जाड, लांबलचक, पार शिवारभर पसरणारा आवाज. कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला, पण कुठं ते आठवेना. मी गिअर बदललाच नाही. तिसऱ्यातच टोकाच्या वस्तीपर्यंत गेलो.

तिथं पोचलो तर कॅन कट्ट्यावर भरून तयार. पुढच्या वस्तीवर तयार. त्याच्या पुढं तयार. आमच्या प्रयागबाई मावशी म्हणजे रोज मी वीस मिनिटं हॉर्न वाजवावा, तेव्हा त्या गोठ्यातनं म्हणणार, "आलेऽ रं, धार काढतीया." त्या मावशी त्या दिवशी कॅन घेऊन रस्त्यात उभ्या, पायात एकच चप्पल.

"चल, चल, उशीर झाला," असं त्याच मला म्हणाल्या.

मग पुलाचा चढ. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि संस्कृतीला म्हणालो, "आता बघ."

तिनं बघितलं. उसाची एक बैलगाडी आमच्या पुढं गेली.

"अहो, चढाला तर तेवढाच वेळ लागला."

"गाडी अजून नवीन हवेला सरावायची आहे."

जळोचीला पोचलो तेव्हा सात चाळीस. केंद्रातला माणूस मिश्री लावत होता. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं, आणि मिश्री थुंकून म्हणाला, "आज घरात भांडन झालं का?" माझा ऊर भरून आला. पंचवीस टक्के सांगितलं होतं, मला तर पन्नास वाटले.

साडेनवाला गावात आलो तर डेअरीसमोर ही गर्दी. मला वाटलं, बातमी पोचली, सत्काराला जमलेत. पण लोक चिडलेले होते. आमच्याकडं गळीत हंगामात साखर कारखान्याचा आठचा भोंगा झाला की दिवस सुरू होतो. मोबाईल सगळ्यांकडं आहेत, पण शेणाचे हात मोबाईलला कोण लावतो? तर त्या दिवशी म्हणे कारखान्यानं आठचा भोंगा पावणेसातलाच वाजवला. कामगार सायकली हाणत गेटवर गेले आणि वॉचमननं त्यांना चहा पाजून तिथंच बसवलं. शाळेच्या व्हरांड्यात चाळीस पोरं कुलपाकडं बघत बसली. खुद्द आबांनी आठची न्याहारी पावणेसातला उरकली. मग खरोखरचे आठ वाजता पुन्हा भोंगा झाला, आबांना पुन्हा भूक लागली आणि सूनबाईंनी टोपलं पालथं करून दाखवलं.

"ह्यो खेळ हाय व्हय?" आबा म्हणाले. कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी बोलत होता.

मला मनापासून राग आला. मी सगळ्यांत पुढं होऊन बोललो. "आबा, आपण सभासद आहोत. हितं बोलून काय उपयोग? चला कारखान्यावर, जाब विचारू. माझी गाडी आहे."

दहा-बारा जण मागं हौद्यात चढले. त्यात दादासाहेबही होता. आबा माझ्या शेजारी बसले. पहिला टाकला, दुसरा टाकला, तिसरा टाकला.

भूंऽऽऽऽ.

आबा दचकले. "आयला, ह्यो बघ, आत्ता बी वाजतोय. किती वाजलं?"

"दहा वाजून दहा मिनिटं."

"ही काय वेळ हाय का? दाब, युवराज, दाब. वाजवताना धरू."

मी दाबली. भोंगा चढला. कारखाना जवळ यायला लागला तसा आवाज मोठा व्हायला लागला, त्यामुळं आमची खात्रीच पटली. मागची मंडळी टपावर धडाधडा हात मारायला लागली. मी समजलो, त्यांना अजून जोरात पाहिजे. मी अजून जोरात घेतली. ते ओरडत होते, पण भोंग्यापुढं काही ऐकू येत नव्हतं.

कारखान्याच्या गेटसमोर करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली आणि त्याच क्षणी भोंगाही थांबला.

आबा माझ्याकडं वळून म्हणाले, "बघितलं? आपल्याला बघून बंद केला."

वॉचमन गेटमधनं बाहेर आला. त्यानं आबांना नमस्कार केला आणि टपाकडं बोट दाखवलं. मागं हौद्यात बारा माणसं कानात बोटं घालून पाइपाकडं बघत होती. तेव्हा कुठं मला आठवलं, तो आवाज मी कुठं ऐकला होता.

परतीच्या वाटेला आबा एवढंच म्हणाले, "दुसऱ्यातच चालव."

डेअरीत आल्यावर सगळे सतरंजीवर बसले. मी दारात उभा राहिलो, बसायला कुणी सांगितलं नाही. आबांनी पाणी प्यायलं. "उद्यापासनं काम दादासाहेबाला. आनी त्यो पाइप कापा."

खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं आणि मी पाइपाकडं बघतोय असं दाखवून ते पुसलं.

तेवढ्यात मागनं प्रयागबाई मावशी उठल्या. एकच चप्पल अजून पायात होती.

"आबा, आज दूध टँकरला गेलं का न्हाय?"

"गेलं."

"समद्यांचं?"

"समद्यांचं. पयला नंबर व्हता, केंद्रातनं फोन आला."

"मग पाइप का कापताय?"

आबा विचारात पडले. मग माझ्याकडं वळले. "चढाला गाडी पळाली का रं?"

मी तोंड उघडणार, तोच दारामागनं संस्कृती म्हणाली, "न्हाय. बैलगाडी पुढं गेली."

"मग येवढ्या लवकर पोचला कसा?"

मावशीच बोलल्या. "आमीच वेळंवर दूध घातलं म्हनून. गाडीला काय धाड भरली न्हवती, आबा. उशीर आमी करतो. रोज ह्यो हॉर्न मारून मारून दमतो, पन हॉर्नला कोन उठतंय? भोंगा आयकला की हात आपसूक चालत्यात."

नऊ वर्षं मी चढाला दोष देत होतो आणि चढ बिचारा निर्दोष होता. दादासाहेब घाईघाईनं म्हणाला, "आबा, मी बी पाइप बसवतो की."

"नव्या गाडीला भोक पाडनार व्हय?" आबांनी विचारलं. दादासाहेबानं बाहेर आपल्या गाडीकडं बघितलं आणि खाली बसला.

तेव्हापासून माझा भोंगा बरोबर सहाला होतो. पाऊण तास आधी उठावं लागतं, पण मान आहे. लोक त्याला दुधाचा भोंगा म्हणतात. महिनाभरात एकही कॅन माघारी आला नाही. टँकरवाला मला गुड मॉर्निंग म्हणतो. युनूसभाईंकडं तिघांनी तसलाच पाइप मागितला, पण त्यांचे वाजत नाहीत. ते बेंडाचं माप माझ्या डोक्यात आहे आणि मी ते कुणाला सांगणार नाही. खरं म्हणजे मलाही ते माहीत नाही.

महिन्यानं डेअरीची सभा झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. सेक्रेटरीनं ठराव वाचला: "सदर पाइपाचे काम समाधानकारक असल्याने दूध वाहतूक त्याचेकडेच कायम ठेवणेत येत आहे. पाइपासोबत चालक, युवराज." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मावशींनी वाजवल्या. मग आबा झेंडूचा भलामोठा हार घेऊन उठले. मी मान पुढं केली. आबा माझ्या शेजारनं गेले, बाहेर आले, हौद्यात चढले आणि त्यांनी तो हार पाइपाला घातला.

सगळे घरी गेल्यावर मी इकडंतिकडं बघितलं, हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. फुलं पाइपात ओढली गेली असती. इंजिनातलं कळणारा माणूस असं होऊ देत नाही.

घरी पोचलो तर संस्कृती दारातच उभी. हाराकडं बघून खूश झाली. "अगबाई, कुनी घातला?"

"आबांनी," मी म्हणालो. खोटं काही नव्हतं. कुणाला घातला, ते तिनं विचारलं नाही.