अठरा किलोबाइटची काटकसर

"अठरा सेकंद!" बशीतल्या ऑलिव्हच्या तेलात पावाचा तुकडा बुडवत नौफलनं जाहीर केलं. "बटण दाबलं की अठराव्या सेकंदाला लॅपटॉप हजर! नाही झाला तर बाब दिवानच्या वेशीत उभं करून माझी मिशी उतरवा!"

मिशी उतरवायचा प्रसंग इतक्या लवकर येईल असं त्याच्या मिशीलाही वाटलं नसेल.

सफाक्स शहर, ग्रेमदा रस्ता, चौथा किलोमीटर. घर नौफलच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे सलवाताईंचं. सकाळचे सव्वाआठ. दहा वाजता सलवाताईंची लेक अरवा विद्यापीठात परीक्षकांसमोर आपला डॉक्टरेटचा प्रबंध मांडणार होती. ऑलिव्हच्या झाडाला लागणाऱ्या एका माशीवर पोरीनं पाच वर्षं घालवली होती. घरात मिठायांची सहा तबकं तयार होती, कारण आपल्याकडे परीक्षक खूश झाले नाहीत तरी चालतं, पाहुणे उपाशी जाता कामा नयेत. सलवाताई तबकांवर कागद चढवत होत्या. अरवाचा होणारा नवरा गैथ गाडी पुसून आत आला होता. गैथ पेशानं दातांचा डॉक्टर आणि गावानं राजधानीचा. यातली पहिली गोष्ट नौफलनं माफ केली होती.

"मामा, तू माझ्या लॅपटॉपला हात लावलास?" अरवाचा घास हातातच राहिला. "कधी?"

"काल दुपारी. तू टोपी-झगा आणायला गेली होतीस, लॅपटॉप उघडाच होता. म्हटलं, पोरीचा मोठा दिवस आहे, जरा हलका करू."

हलकं करणं हा नौफलचा स्वभावच होता. सफाक्सची माणसं हात राखून खर्च करतात असं बाकीचा देश म्हणतो, आणि नौफलकडे पाहून सफाक्सची माणसंही तेच म्हणत. पुदिन्याची पानं तो चहात दोनदा उकळायचा, भेटवस्तूंचे कागद इस्त्री करून ठेवायचा. नोकरी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची, त्यामुळे घरातल्या प्रत्येक संगणकावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे अशी त्याची समजूत.

तर आदल्या दुपारी माशाच्या कुसकुसवर ताव मारून तो लॅपटॉपसमोर बसला होता. आता संगणक जागा झाला की एकदम डिस्क उघडू शकत नाही. डिस्कला कुलूप असतं. म्हणून संगणकाचा गाभा, ज्याला ही मंडळी कर्नल म्हणतात, आधी एक छोटं गाठोडं सोडतो. त्यात कुलूप उघडण्यापुरती हत्यारं असतात. डिस्क उघडली की गाठोड्याचं काम संपलं. पण बनवणाऱ्यांनी गाठोड्यात दुनियेचं सामान कोंबलं होतं, आणि ते पाहून नौफलचा जीव तळमळला!

तो एकेक ओळ संशयानं तपासत गेला. "मोठमोठ्या सर्व्हरांच्या डिस्कची हत्यारं? पोरीचा काय कारखाना आहे? काढा! नेटवर्कवरून जागं व्हायची सोय? स्वतःच्या घरात जागं व्हायची मारामार! काढा! कीबोर्डचा नकाशा? अरे, कीबोर्ड लॅपटॉपलाच चिकटलाय, तो काय वाट चुकणार आहे? काढा!" मग उरलेलं सगळं त्यानं सर्वांत करकचून आवळणाऱ्या पद्धतीनं आवळलं. एकसष्ट मेगाबाइटचं गाठोडं तेरावर आलं. जुनं गाठोडं उगीच जागा अडवत होतं, तेही पुसून टाकलं. आणि लॅपटॉप बंद करून परत चालू करून पाहायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात सलवाताईंनी कलिंगड कापलं.

रात्री अरवानं त्याच उघड्या लॅपटॉपवर शेवटच्या दुरुस्त्या केल्या आणि झाकण मिटून झोपली.

"बघाच आता!" म्हणत नौफलनं लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. तीन सेकंदांत काळ्या पडद्यावर पासवर्डची मागणी आली. "तीन! मोजा, तीन सेकंद! एवढ्यात तर तुमच्या राजधानीत सिग्नलही पडत नाही!"

अरवानं नेहमीच्या वेगानं पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. चुकला. तिसऱ्यांदा एकेक बोट मोजून टाकला.

चुकला!

"हळू टाक," नौफल म्हणाला. "सांग बरं मला काय आहे, मी टाकतो."

"नाही!" अरवा एवढ्या जोरात ओरडली की सलवाताईंच्या हातातला कागद फाटला.

"अगं, मी मामा आहे तुझा!"

"म्हणूनच नाही!"

नौफलच्या डोक्यात पाल चुकचुकली. सख्ख्या मामापासून लपवण्यासारखं असं काय असेल? त्यानं तिरक्या नजरेनं गैथकडे पाहिलं. गैथ नेमका त्याच वेळी खिडकीतून बाहेर पाहत होता. निरपराध माणूस भिंतीकडे पाहतो, खिडकीतून पाहतो तो पळायची वाट शोधत असतो!

"डॉक्टरसाहेब, काल संध्याकाळी तुम्ही या लॅपटॉपवर काय करत होता?"

"मी? लग्नाच्या हॉलचे फोटो दाखवत होतो."

"फोटो दाखवायला किती वेळ?"

"तासभर."

"एका हॉलचे तासभर फोटो! ताई, ऐकलंस? पासवर्ड बदलायला दोन मिनिटं पुरतात."

"मामा," गैथ शांतपणे म्हणाला, "लॅपटॉपची हत्यारं काल काढून टाकली ती तुम्ही. संशय माझ्यावर का?"

"कारण मला माझ्यावर विश्वास आहे!"

घड्याळात पावणेनऊ झाले. अरवाचे डोळे भरून आले. "मामा, सगळं त्याच्यातच आहे. गैथकडे जुनी प्रत आहे, पण तिच्यात चौथा तक्ता चुकलाय. तो काल रात्री सुधारला. परीक्षकांच्या अध्यक्षबाईंनी मला आधीच बजावलंय, तो तक्ता तसाच आला तर आणखी एक वर्ष माश्या मोजत बस!"

नौफलला घाम फुटला. पाच वर्षं पोर उन्हातान्हात फांद्यांखाली उभी होती, आणि एका दुपारच्या हौसेपायी... पण हा विचार पुरता मनात येण्याआधीच त्यानं तो हाकलला. संशय दुसऱ्यावर घ्यायला किती सोपा असतो!

"घाबरू नका. कर्नल माझ्या मुठीत आहे."

"कर्नल?" सलवाताईंनी तबक खाली ठेवलं. "लष्करातला माणूस माझ्या पोरीच्या लॅपटॉपात काय करतोय?"

"तो कर्नल नाही गं ताई!"

"सगळे असंच म्हणतात. मी आधीच सांगितलं होतं, समोरची लैला काल 'वा वा, लॅपटॉप छान आहे हो' म्हणून गेली. दृष्ट लागलीय त्याला!" असं म्हणून त्यांनी गळ्यातला चांदीचा पंजा काढून लॅपटॉपच्या झाकणाला अडकवला. पंजा पडद्यासमोर डुलू लागला आणि नौफलला अर्धी अक्षरं दिसेनाशी झाली.

एवढ्यात तीन चुका पोटात घालून लॅपटॉप कंटाळला आणि त्यानं दुरुस्तीची काळी पाटी समोर टाकली. इथे हुकूम टाइप करता येतात. नौफलनं बाह्या सरसावल्या. यादी मागितली, यादी आली. "बघा! माझं ऐकतो तो!" मग एका फाइलमध्ये काय लिहिलंय ते वाचायचं म्हणून त्यानं 'cat' टाइप केलं.

पडद्यावर उमटलं: 'cqt'. असला हुकूम नाही, असंही वर सांगितलं.

नौफलनं चष्मा पुसला. पुन्हा 'cat' टाइप केलं. पुन्हा 'cqt'!

"पाहिलंत!" तो खुर्चीवरून उडालाच. "मी एक अक्षर दाबतो, दुसरंच उमटतं! आत कुणीतरी बसलंय! कुणीतरी मुद्दाम अक्षरं फिरवतंय! डॉक्टर, कुठला व्हायरस सोडलात? खरं सांगा, कुणासाठी काम करता?"

"दातांसाठी!" गैथचाही आता तोल सुटला. "मी अक्कलदाढा काढतो हो मामा! तुमची अजून आलीच नसावी, नाहीतर तीही काढली असती!"

"ताई, ऐक, ऐक राजधानीची भाषा!"

"गप्प बसा दोघं!" अरवा किंचाळली.

भांडणात सलवाताई मात्र पडल्या नव्हत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्या पडद्याजवळ वाकल्या. एकतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेत टंकलेखन केलं होतं, जन्म-मृत्यूचे अर्धे दाखले त्यांच्याच बोटांखालून गेले होते.

"ए दाबला की क्यू येतोय ना?" त्यांनी विचारलं. "बाजूला हो. एम दाबून बघते."

त्यांनी एम दाबला. अर्धविराम उमटला.

"अगंबाई! हा तर इंग्रजी कीबोर्ड झालाय!"

"काहीतरीच काय? कीबोर्ड तोच आहे."

"कीबोर्ड तोच, पण त्याला वाटतंय आपण इंग्रज आहोत. आपली अक्षरं फ्रेंचांच्या पद्धतीनं मांडलेली. इंग्रजांकडे आपल्या एच्या जागी क्यू असतो, आपल्या एमच्या जागी अर्धविराम. ब्याऐंशी साली नगरपालिकेला कुणीतरी अमेरिकन टंकयंत्र भेट दिलं होतं. सहा महिने मी त्याच्यावर माणसांची नावं बिघडवली. शेवटी बोटांना सवय झाली. आपल्या लॅपटॉपला आपली मांडणी कोण सांगतं रे?"

नौफलला कालची यादी आठवली. कीबोर्डचा नकाशा! अठरा किलोबाइटचा नकाशा! वाट चुकणार नाही म्हणाला होता तो, आणि पोरीचा पासवर्ड तीनदा इंग्लंडला जाऊन परत आला होता.

"कोण सांगतं रे?" सलवाताईंनी पुन्हा विचारलं.

"ते... एक गाठोडं असतं," नौफल पुटपुटला. "मी ते जरा आवळलं."

गैथ आता उघडपणे खिडकीतून बाहेर पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"वाद नंतर," सलवाताई खुर्चीवर बसल्या. "नऊ वाजून दहा मिनिटं झाली. लॅपटॉप पुन्हा चालू कर आणि मला पासवर्ड सांग, अरवा. माझ्या बोटांना इंग्रजी जागा पाठ आहेत."

अरवा लाल झाली. मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग वाकून आईच्या कानात कुजबुजली. सलवाताईंनी ओठ घट्ट मिटले, पण पोट हललंच.

नौफलनं कान टवकारले होते. त्याची गरज नव्हती. नगरपालिकेतली एकतीस वर्षांची सवय! सलवाताईंना अक्षर मोठ्यानं म्हटल्याशिवाय दाबताच येत नसे.

"के," त्या म्हणाल्या आणि कळ दाबली. "एच. ए. एल. आय."

खाली! सफाक्सात खाली म्हणजे मामा. नौफलचा ऊर भरून आला. पोरीनं कुलपाला मामाचं नाव दिलं होतं! आणि आपण कुणाकुणावर संशय घेतला! त्यानं गैथचा हातसुद्धा धरला.

"एम. ई. सी. एच. एच. ए. एच," सलवाताईंनी संपवलं आणि शेवटची कळ दाबली.

फ्रेंच वळणानं वाचलं तर मेशहाह. म्हणजे चिक्कू. सगळं मिळून: मामा चिक्कू.

कुलूप झटकन उघडलं. डिस्क उघडली, प्रबंध दिसला, चौथा तक्ता जिथल्या तिथे होता. बटण दाबल्यापासून बरोबर अठरा सेकंद, पासवर्ड टाकायचा वेळ सोडून. पण ते मोजायला कुणी शुद्धीवर नव्हतं. गैथ भिंतीला टेकून खाली बसला होता, आणि नौफलनं त्याचा हात अजून सोडला नव्हता.

दहाला पाच कमी असताना अरवा व्यासपीठावर उभी राहिली. साडेबारा वाजता अध्यक्षबाईंनी निकाल वाचला: सर्वोच्च श्रेणी! बायकांच्या ललकाऱ्यांनी सभागृह दणाणलं. चौथ्या तक्त्याचं तर खास कौतुक झालं. नौफल मागच्या रांगेत उभा राहून रडला, आणि नाक पुसायला त्यानं मिठाईच्या तबकावरचा कागद वापरला. इस्त्री न करता! इतका तो हेलावला होता.

दुपारी घरी आल्यावर कुणी न सांगता त्यानं लॅपटॉप घेतला, कीबोर्डचा नकाशा गाठोड्यात परत ठेवला, दोनदा बंद करून चालू करून पाहिला. तेरा मेगाबाइट आणि वर अठरा किलोबाइट. मन मोठं केलं त्यानं.

"पासवर्ड बदललास ना?" त्यानं हळूच विचारलं.

"बदलला मामा," अरवा गोड हसली. "सगळ्या घरानं ऐकल्यावर बदलायलाच हवा होता."

तिनं लॅपटॉप उघडला. नौफल सभ्यपणे दुसरीकडे पाहत होता, पण कान कुणाच्या ताब्यात असतात? आधी पासवर्डच्या बारा कळा वाजायच्या. आज त्यानं एकोणीस मोजल्या.

तेव्हापासून त्याला झोप नाही. मामाच्या पुढे आता आणखी काय जोडलंय?